पानगावला उतरलेलं चाक

शनिवार : नांदेड स्टेशन

नांदेडहून लातूरच्या बाजूला जायचं तर शहाणी माणसं बस धरतात. मी रेल्वेनं गेलो, कारण मला बस लागते. लोहा मागं पडलं की माझं पोट माझं राहत नाही. शिवाय बरोबर एक सायकल होती. पूर्वी लाल गाडीच्या टपावर सायकली चढायच्या. आता टपावर कठडाच नसतो. म्हटलं, रेल्वे एवढी लांबलचक, तिला एक सायकल काय जड आहे! पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला अजून असं वाटतं, याचं माझ्या घरच्यांना मोठं नवल वाटतं.

माझं नाव शिवराज. नांदेडात इतवाऱ्याच्या बाजूला माझं सायकलीचं दुकान आहे. लोक मिस्त्री म्हणतात. ही सायकल माझी नव्हे, भाचीची. महानंदा माझ्या थोरल्या बहिणीची, सुमनआक्काची मुलगी. लातूर रोड स्टेशनापासून नऊ किलोमीटरवर त्यांचं बोरगाव. वय चोवीस. लहानपणी बैलगाडीवरून पडली, डावा गुडघा मोडला आणि वाकडा जुळला. तेव्हापासून तो पाय वाकत नाही. डोकं मात्र भलतं तेज. दहावीच्या मार्कांवर तिची पोस्टात निवड झाली, गावोगाव टपाल वाटायच्या कामावर. अर्जात एक अट होती, सायकल चालवता आली पाहिजे. पोरीनं खुशाल ‘येते’ असं लिहून दिलं आणि मग मला फोन केला, “मामा, मला सायकल शिकवा की.”

चाळीस वर्षं सायकली दुरुस्त करतोय, पण अशी कधी बांधली नव्हती. वीस इंची चाकं घेतली, सांगाडा खाली उतरवला. डाव्या बाजूचं पेडल काढून तिथं पाय ठेवायला लोखंडी पाटी दिली. उजव्या पेडलला चामडी पट्टा, म्हणजे पाय खाली दाबतो तसा वरही ओढतो. दिवाळीत ती तीन आठवडे नांदेडला राहिली आणि गोदावरीकाठच्या मैदानावर पडत-झडत शिकली. एकच उणीव होती, ब्रेक. तिला पटकन पाय टेकता येत नाही, म्हणून ब्रेक असा पाहिजे की दाबला की विषय संपला. ती गेल्यावर मी एका जुन्या मोपेडचा ब्रेकचा ड्रम लेथवर कातून लहान केला आणि पुढच्या चाकात बसवला. त्यात दीड महिना गेला.

आणि शुक्रवारी तिचा फोन. सोमवारी सकाळी दहाला तालुक्याच्या पोस्टात हजर व्हायचं होतं. तिथल्या साहेबांनी सांगितलं होतं, बाई, पायाचं असं आहे म्हणता, तर एकदा चालवून दाखवा, नाहीतर मला यादीतलं पुढचं नाव घ्यावं लागेल. साहेबाचं काही चुकलं नव्हतं. सायकल नांदेडात, पोरगी बोरगावात आणि मध्ये दोन दिवस.

शनिवारी सकाळी पार्सल ऑफिसात गेलो. तिथले बाबू ओळखीचे, त्यांच्या पोराची सायकल माझ्याकडंच येते.

“मिस्त्री, डब्यात सायकल चालत न्हाई. बुक करून सामानाच्या डब्यात टाकावी लागती,” ते म्हणाले.

“मग करा बुक.”

“ह्या पॅसेंजरला सामानाचा डबा न्हाई.”

“ज्या गाडीला हाय, तिच्यात टाका.”

“ती लातूर रोडला दोन मिनिटं थांबती, तिथं माल उतरत न्हाई. सायकल जाईल लातूरला. उद्या आयतवार. सोमवारी ऑफिस उघडलं की दहाला हातात.”

“अहो, सोमवारी दहाला मला ती तालुक्याच्या पोस्टात पाहिजे!”

“तेच तर सांगून राहिलो, की मिळत न्हाई.”

मी लई तापलो. पूर्वी आमच्या मुदखेडचे दूधवाले खिडकीच्या गजाला आकडा लावून बाहेरून सायकली लटकवायचे, ते ह्याच डोळ्यांनी बघितलंय. एखादी सायकल खांबाला लागली तर कुणाचा जीव जायचा, म्हणून ते बंद झालं, बरंच झालं. पण सायकल बाहेर लटकवायची नाही तर आत कुठं ठेवायची, एवढं सांगायचं मात्र राहून गेलं. दूधवाले मोटारसायकलीवर गेले आणि माझं अर्धं गिऱ्हाईक त्यांच्या मागं गेलं. हे सगळं मी बाबूंना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चहा मागवला.

चहा पिता पिता मी विचारलं, “बरं, डब्यात सामान किती चालतं?”

“सीटखाली मावंल तेवढं. कुणाच्या वाटंत आलं न्हाई पाहिजे.”

झालं! मी कप खाली ठेवला आणि पिशवीतून पाने काढले. प्लॅटफॉर्मवर सतरंजी अंथरली. पुढचं चाक, मागचं चाक, हँडल, सीट, साखळी, मडगार्ड, सगळं पंधरा मिनिटांत वेगळं. बाबू ऑफिसच्या दारात उभे राहून बघत होते. “मिस्त्री, मी काही बघितलं न्हाई हं,” म्हणाले, आणि शेवटपर्यंत बघत राहिले.

शनिवार : गाडीत

डबा खच्चून भरलेला. इतकी माणसं कुठं निघालीत कळेना. प्रत्येकाजवळ टोपली, पिशवी, नाहीतर फडक्यानं तोंड बांधलेलं मडकं. मी एकटा माणूस आणि माझ्या सीटखाली फक्त सांगाडा मावला. मग मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना हात जोडले. भाचीची गोष्ट सांगितली. एका मावशींनी मागचं चाक पायाखाली घेतलं. कॉलेजातल्या दोन पोरींनी हँडल आणि सीट घेतली. पुढचं चाक घेतलं समोरच्या माणिकरावांनी.

माणिकराव म्हणजे बोलका माणूस. नांदेडात मुलाकडं राहतात, शेत पानगावला. पूर्णा यायच्या आत त्यांनी मला त्यांची विहीर, त्यांची तूर आणि सुनेचा स्वभाव, तिन्ही सांगून टाकलं. त्यांच्याजवळ मोठी वेताची टोपली होती. गाडी हलली की चाक गडगडत वाटेत यायचं. मी म्हटलं, थांबा, आणि सुतळी काढून चाक टोपलीच्या बुडाखाली असं आवळलं की जागचं हलेना. माझ्या गाठीचा मला अभिमान आहे. माणिकराव म्हणाले, “मिस्त्री, गाठ हाय की लगीन!”

“एवढी गर्दी कामून हो?” मी विचारलं.

“उद्या येळवस न्हाई का!” सगळा डबाच माझ्याकडं बघायला लागला.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आम्ही मुदखेडकडचे, आमच्यात ती नाही. मला एवढंच ठाऊक होतं की त्या दिवशी आक्का फोन उचलत नाही. माणिकरावांनी सगळं समजावून सांगितलं. त्या दिवशी अख्खं लातूर रानात. घरं कुलूपबंद, बाजार बंद. शेतात कडब्याची खोप करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पुजायचे आणि दिसेल त्याला जेवू घालायचं. “त्या दिशी रानातून उपाशी गेलेला माणूस म्हंजी शेताचा अपमान,” ते म्हणाले. मी मान डोलावली. पुढं काय वाढून ठेवलंय याची मला कल्पना नव्हती.

परभणी सुटल्यावर तिकीट तपासणाऱ्या बाई आल्या. खाली वाकून बघितलं. चाक दिसलं. “हे कुणाचं?”

“माझं,” मावशी म्हणाल्या.

“आणि हे हँडल?”

“आमचं,” पोरी म्हणाल्या.

बाईंनी माझ्या काळ्या बोटांकडं बघितलं. “मिस्त्री, अख्खी सायकल आहे ना ही?”

ताकाला जाऊन भांडं काय लपवायचं? मी सगळं खरं सांगितलं, मोबाईलवर महानंदाच्या नेमणुकीचं पत्रही दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग जादा सामानाची पावती फाडली आणि म्हणाल्या, “वाटेत आलं नाही तोवर सामान. वाटेत आलं की सायकल, आणि सायकल मी उतरवणार.” पुढं गेल्या, परत मागं आल्या आणि विचारलं, “एका पायानं खरंच जमतं का तिला?” मी म्हटलं, जमतं. “मग जमू द्या,” म्हणाल्या.

गंगाखेडला पेरू खाल्ले, परळीला गाडी मरणाची थांबली. घाटनांदूरच्या पुढं दोन्ही बाजूंनी ज्वारी छातीएवढी उभी, मधून हरभऱ्याचे हिरवे पट्टे, करडईला नुकती फुलं. आमच्या बाजूपेक्षा माती काळी. उन्हं कलली होती. मला लई बरं वाटत होतं. शनिवारीच काम फत्ते, असं मनात म्हणत होतो.

पानगाव आलं. माणिकरावांची माणसं घ्यायला आली होती. इकडची रीत अशी की उतरणाऱ्यानं एकट्यानं सामान उतरवायचं नाही. आतल्यांनी दारापर्यंत हातोहात द्यायचं, खालच्यांनी झेलायचं. “चला, चला, हातभार लावा!” अशी आरोळी झाली. मी दाराजवळच उभा होतो. मडकं दिलं, पिशव्या दिल्या. टोपली जड लागली, तरी मोठ्या हौसेनं खाली दिली. गाडी सुटली. माणिकरावांनी हात हलवला, मीही हलवला.

लातूर रोडला उतरून सामान मोजलं. पुढचं चाक नव्हतं. पोरींनी सीटखाली बघितलं, मावशींनी बघितलं. मग मला माझी ती गाठ आठवली. ज्या हातांनी बांधली, त्याच हातांनी मी चाक पानगावला उतरवलं होतं!

महानंदा प्लॅटफॉर्मवर काठी टेकत आली. सांगाडा बघितला, एक चाक बघितलं, माझं तोंड बघितलं.

“मामा, सर्कशीत नोकरी लागली न्हाई मला. पोस्टात लागली.”

मी सांगाडा भिंतीला टेकवून ठेवला. मग तीच म्हणाली, “दुसरं चाक बसवा की एखादं.” मी सांगितलं, वीस इंची चाक मिळालं तरी त्यात ब्रेक नसणार. आणि उद्या लातुरापर्यंत एक दुकान उघडं नसणार. माणिकरावांचा नंबर घेतला का, तिनं विचारलं. नव्हता घेतला. सात तास गप्पा मारल्या, सुनेचा स्वभाव ऐकला, नंबर तेवढा नाही घेतला. तिनं मागचं चाक खांद्याला अडकवलं आणि ऑटोकडं निघाली.

रविवार : पानगावची रानं

सकाळी आक्काच्या घरात चुलीवर भज्जीचं पातेलं रटरटत होतं. तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे दाणे, मेथी, गाजर, हरभऱ्याचा कोवळा पाला, चिंच आणि वर बेसन. ही भज्जी तळायची नव्हे, भाकरीशी ओरपायची. माझं लक्ष जेवणात नव्हतं. दाजी म्हणजे आक्काचे यजमान, फार मितभाषी. ते एवढंच म्हणाले, “पूजा मी न् नंदा करतो. तुमी दोघं जावा.”

“येळवस सोडून?” मी विचारलं.

आक्का पदर खोचून स्कुटी बाहेर काढत होती. “देव आपलाच हाय, थांबंल. पोस्ट थांबत न्हाई. बस मागं. आन् मला धरून बस, पडलास तर उचलायला थांबायची न्हाई मी.”

छप्पन्न वर्षांची माझी बहीण स्कुटी अशी हाकते की वाटेतल्या म्हशीसुद्धा बाजूला होतात. सगळी गावं ओस. दारांना कुलपं, पारावर एक कुत्रं. आणि रानं मात्र जत्रेगत भरलेली. जिकडं बघावं तिकडं खोपी, धूर, नवी लुगडी, झाडाला झोके.

पानगावच्या शिवारात पहिल्याच शेतात विचारलं, माणिकराव कुठं असतील? तिथले आजोबा म्हणाले, “सांगतो की. आधी ज्येवा.”

“अहो, घाई हाय.”

“असू द्या. बसा.”

आक्कानं माझ्या बरगडीत कोपर मारलं. बसलो. बाजरीचे गोल वाफवलेले उंडे, भज्जी, तिळाची पोळी, गव्हाची खीर आणि वर तांब्याभर आंबील. ज्वारीचं पीठ ताकात शिजवून लसूण घातलेलं हे थंडगार पेय मी पहिल्यांदाच चाखलं. काय सांगू महाराज! जीव गार झाला. पोटभर जेवल्यावर आजोबा म्हणाले, “माणिकराव कोण, ते काय मला ठावं न्हाई बगा.”

दुसऱ्या शेतात परत तेच. तिथं एक माणिकराव निघाले, पण ते शिक्षक होते आणि त्यांनी उभ्या जन्मात नांदेड पाहिलं नव्हतं. त्यांनीही जेवल्याशिवाय सोडलं नाही. तिसऱ्या शेतात मी हात जोडून म्हटलं, आई, आता जागा नाही. त्या बाईचं तोंड एवढंसं झालं. मग दोन घास घेतले आणि आंबील घेतली. नांदेडात आमच्या गल्लीत कुणी पाणी विचारलं तरी मी खूश होतो. इथं माणसं अनोळख्याच्या ताटात तिसरा उंडा टाकून वर रागावत होती. बारा वाजत आले होते. मला धाय मोकलून रडावंसं वाटत होतं आणि ढेकर येत होते.

चौथ्या शेतात एका तरण्या सुनेनं नीट ऐकून घेतलं. मोबाईलला रेंज नव्हती. ती बांधावर चढली, तोंडाला हात लावला आणि खच्चून ओरडली, “नांदेडचे माणिकराऽव! सायकलचं चाऽक!” पलीकडच्या शेतातून कुणीतरी तेच पुढं ओरडलं. त्याच्या पलीकडून तिसऱ्यानं. आरोळी ज्वारीच्या वरून लांब लांब गेली. थोड्या वेळानं उलटी आरोळी आली, एका शेतातून दुसऱ्यात येत. सुनेनं कान दिला आणि हसली. “हाय म्हनं! रेल्वे फाटकाच्या अल्याड, निळ्या टाकीच्या रानात. लवकर या म्हनं!”

आक्कानं तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

माणिकराव बांधावरच उभे होते, डोक्याला फेटा. मला बघितलं आणि धावत आले. “मिस्त्री! अहो, घरी जाऊन टोपली उतरवतो तर बुडाला चाक! स्टेशनात सांगून ठिवलं, सकाळी दोन गाड्या बघून आलो. तुमचा नंबर न्हाई, गाव कोन्तं ते इसरलो. घास गोड लागंना.”

“चाक कुठं हाय?”

“देवापाशी.”

खोपीत वाकून बघितलं. चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, आणि त्यांच्या शेजारी, नांगराच्या फाळाला टेकून, माझं चाक. रिमला हळदीकुंकू, तारांत झेंडूचं फूल, आणि ड्रमवर आंबिलीचा ओघळ! त्यांच्या म्हाताऱ्या आईचं म्हणणं असं की येळवशीच्या आदल्या दिवशी घरात आलेलं लोखंड, मग ते कुणाचंही असो, पुजल्याशिवाय बाहेर काढायचं नसतं.

“ब्रेक आहे तो, ब्रेक!” मी ओरडलो. “ताक गेलं आत!”

आई म्हणाल्या, “ताकानं कुनाचं वाटुळं झालं न्हाई बाबा. बस. निवद हुईस्तोवर चाक हलायचं न्हाई.”

आक्कानं मला डोळ्यांनीच गप्प केलं. बसलो. माणिकरावांनी मडक्यातली आंबील ज्वारीच्या पानानं शिंपडत खोपीभोवती पाच फेरे घातले आणि अर्धी मराठी, अर्धी कानडी अशी एक आरोळी दिली. सगळ्यांनी तिला साथ दिली. मला एक अक्षर कळलं नाही, तरी मीही ओरडलो. मग आईंनी स्वतः चाक उचललं, माझ्या हातात दिलं आणि विचारलं, “पोरीचं नाव काय म्हनलास?” मी सांगितलं. “महानंदाचं चाक हाय, वाट द्या,” असं म्हणून त्यांनी त्यावर अक्षता टाकल्या. आणि मग अर्थातच, चौथ्यांदा जेवलो.

रविवार : बोरगावचं शेत

दुपारी अडीचला पोचलो. महानंदा खोपीसमोर बसली होती. तिनं सकाळपासून खाल्लं नव्हतं. दाजींनी सांगितलं तसं आक्का तिच्यावर बरसलीच, “येळवशीला उपाशी? पोस्ट गेलं खड्ड्यात!” ज्या बाईनं पोस्टासाठी देवाला थांबवलं, तिचं हे बोलणं ऐकून दाजींनी तोंड फिरवून हसू गिळलं.

मी ड्रम उघडला. आत आंबील, लसणीसकट. फडक्यानं पुसलं, घासकागद मारला, उन्हात वाळवलं. आजूबाजूच्या शेतातली माणसं येऊन बसली आणि प्रत्येकजण सल्ला द्यायला लागला. तासाभरात सायकल उभी राहिली.

“सावकाश दाब हं,” मी म्हटलं. तिनं मान हलवली, पट्ट्यात पाय घातला, गाडीवाटेनं दहा-बारा पेडलं मारली आणि ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं. पोरगी थांबली नाही, ती सरळ हरभऱ्यात. बायका किंचाळल्या. मी धावलो. ती हरभऱ्यात उताणी पडून हसत होती. “मामा, ब्रेक हाय की भिंत?”

वायर थोडी सैल केली. दुसऱ्यांदा पडली. अजून सैल केली. तिसऱ्यांदा थांबली, ताठ डावा पाय जमिनीला टेकला आणि सायकल सरळ उभी. कुणी टाळी वाजवली नाही. दाजी उठले, ताट वाढून आणलं आणि तिच्यापुढं धरलं. ती सायकलीवर बसूनच जेवली.

सोमवार : तालुक्याचं पोस्ट

सहा किलोमीटर ती पुढं आणि आम्ही दोघं मागं स्कुटीवर. दहाला दहा कमी असताना पोचलो. पोस्टाचे साहेब तरुण होते, चष्मेवाले. बाहेर आले, सायकल बघितली, वाकून पाटी बघितली, पट्टा बघितला. “कुणी बनवली?” मी हात वर केला. त्यांनी समोरच्या उताराकडं बोट दाखवलं. “खाली जा, वळून या आणि ह्या पायरीपाशी थांबा.”

ती गेली. उताराला सायकल पळायला लागली तेव्हा आक्कानं माझा दंड इतका दाबला की वळ उठला. खाली वळली, एका पायानं चढ ओढत वर आली. पायरीपाशी ब्रेक करकरला आणि ती थांबली, पायरीपासून वीतभर अंतरावर.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “या आत, सही करा,” म्हणाले. आणि मग, “आज नुसतं हजर व्हा. वाटप उद्यापासून.”

“आजचं टपाल आलंय ना, साहेब?” महानंदानं विचारलं.

बोरगावची चार टपालं होती. तिनं ती पिशवीत घातली, पिशवी गळ्यात अडकवली आणि निघाली. आम्ही आपले मागं. आक्का म्हणाली, “जवळ जाऊ नगस, बिचकंल ती.” स्कुटी तीच चालवत होती, तरी मलाच सांगत होती.

गावाच्या तोंडाशी पहिलं घर एका म्हाताऱ्या आजींचं. त्यांचं रजिस्टर पत्र होतं. महानंदानं सायकल दारात थांबवली आणि हाक मारली. आजी डोळ्यांवर हात धरून बाहेर आल्या. त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग तिच्यामागं स्कुटीवर बसलेल्या माझ्याकडं, आणि हात माझ्यापुढं केला. “आना हो पोस्टमन, माजं काय आलंय?”

मी तोंड उघडायच्या आत महानंदानं पत्र त्यांच्या हातावर ठेवलं. “आजी, पोस्टमन मीच हाय. हितं सही करा.”

आजींनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग कंबरेच्या पिशवीतून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, “कुठं करू, दाव.”

मी आक्काच्या खांद्यावर हात ठेवला. “चल माघारी. आपलं हितं काही काम न्हाई.”